चौऱ्याण्णव पानं

पाण्याच्या नव्या पाइपासाठी खणलेला चर खानावळीच्या दाराशी आला तेव्हा उन्हाळा नुकता कुठे तापायला लागला होता. आदल्या दिवशी तो शिंप्याच्या दुकानापर्यंत होता. मालक म्हणाला होता, आपल्यापर्यंत यायला चार दिवस तरी लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच मशीननं खानावळीच्या पायरीपुढे दात रोवले. पायरी सुटी होऊन एका अंगाला कलली. दारापुढे छातीइतका खोल खड्डा झाला आणि पलीकडे मातीचा ढीग. पाइपाच्या टोळीतल्या दोघांनी एक फळी आणून आडवी टाकली.

"हे घ्या तुमचं दार," त्यातला एक म्हणाला.

फळीवरून तोल सांभाळत यायला गिऱ्हाइकं काही सर्कशीतली नव्हती. बँकेतले कारकून आले नाहीत, शाळेतले मास्तर आले नाहीत. सहा टेबलांपैकी चार दुपारी नुसती पुसायची आणि संध्याकाळी धूळ बसली म्हणून पुन्हा पुसायची. जुना पाइप फुटल्यामुळे नळही कोरडा. पाणी चौकातल्या टाकीवरून कॅन भरून आणायचं. ते काम थोरल्यांकडे आलं.

थोरले म्हणजे मालकाचे मोठे भाऊ. साठी उलटलेली, अंगानं शिडशिडीत, मनगटं मात्र अजून जाड. तीस वर्षं त्यांनी घोडागाडी हाकली होती. बाजारातून गोदामात पोती, गोदामातून दुकानात पोती. मग टेम्पो आले आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी घोडी विकली. तेव्हापासून ते धाकट्या भावाच्या खानावळीत मागच्या बाजूला असत. कांदे चिरत, बटाटे सोलत. पुढे गिऱ्हाइकांत येत नसत. घोडीचा विषय निघाला की उठून जात, म्हणून घरात तो विषय कोणी काढत नसे.

मालक स्वयंपाक करी. मालक हे नाव गिऱ्हाइकांनी थट्टेनं पाडलेलं, कारण खानावळीत हुकूम चालायचा तो त्याच्या बायकोचा. तिला सगळा बाजार वहिनी म्हणे. वाढप तिचं, बाजारहाट तिचा, फळ्यावर आजचे पदार्थ लिहायचे तेही तिनंच. फक्त दुपारी तीन ते चार हा तास तिचा स्वतःचा होता. मोरीजवळच्या बाकावर पाय वर घेऊन ती लायब्ररीचं पुस्तक उघडायची. त्या तासात छत कोसळलं तरी तिला हाक मारायची नाही, हे मालकाला लग्नानंतर महिनाभरातच कळलं होतं.

त्या आठवड्यात तिनं घोड्यांवरची एक जाडजूड कादंबरी आणली होती. चारशे बारा पानं, बांधणी सैल झालेली, पुठ्ठ्याला चिकटपट्टी.

पाइपाची टोळी सात जणांची. तीनला दुपारची सुट्टी झाली की ते खानावळीच्या पुढच्या पत्र्याच्या सावलीत आपापले डबे उघडून बसत. त्यांचा मुख्य एक फिटर होता, आडवा, पिकल्या मिशांचा. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"वहिनी, एक विचारू का?"

"विचारा."

"मघापासून तुम्ही तोंडावर हात ठेवून बसलात. पुस्तकात कोणी गेलं की काय?"

"अजून नाही. अडतीस घोडी ओढ्यात उतरलीत आणि वरून लोंढा येतोय."

"मग?"

"मग काय, तेच वाचत होते. तुम्ही मध्येच बोललात."

"मोठ्यानं वाचा की. आम्हाला पण कळू दे, किती वाचतात ते."

वहिनीनं मोठ्यानं पाच पानं वाचली. घोडी वाचली, एक शिंगरू सोडून सगळी. आणि मग तेही पलीकडच्या काठावर खाकरत उभं राहिलं. टोळीतल्या एकाच्या हातातला घास तसाच वाळून गेला होता. सुट्टी संपून पंधरा मिनिटं झाली हे फिटरच्या लक्षातच आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा तो इतरांवरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी ते आत येऊन टेबलांशी बसले आणि पहिल्यापासून सांगा म्हणाले. गोष्ट तशी साधी होती. घोड्यांच्या व्यापाऱ्याचा पाय मोडतो. बाजार आठ दिवसांवर, मध्ये डोंगर. त्याची एकोणीस वर्षांची पोरगी अडतीस घोडी घेऊन एकटी निघते. कळपाच्या पुढे एक म्हातारी घोडी असते, ती चालेल तिकडे बाकीची चालतात. आणि मागावर एक चोर असतो. तो घाई करत नाही. रोज संध्याकाळी डोंगराच्या कडेला त्याच्या चुलीचा धूर दिसतो, एवढंच.

"या धुराचं मला भ्या वाटतं," फिटर म्हणाला. "समोर आला असता तर बरं होतं."

वहिनी वाचत होती, "म्हातारी घोडी आज मान डावीकडे वळवून चालत होती. पोरीला कळेना, हिला झालंय तरी काय."

"मान लचकली असेल," शिंपी म्हणाला. तो एका चहावर रोज ऐकायला येऊ लागला होता.

"डावा डोळा गेलाय तिचा."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात थोरले उभे होते, हातात अर्धा सोललेला बटाटा.

"ज्या डोळ्यानं दिसत नाही त्या बाजूला मान वळवते," ते म्हणाले. "म्हणजे चांगला डोळा समोर येतो. एवढं त्या पोरीला कळू नये?"

वहिनीनं पान उलटलं. वरून तिसऱ्याच ओळीत पोरीनं घोडीच्या डाव्या डोळ्यापुढे हात हलवला आणि पापणी लवली नाही.

फिटरनं टेबलावर अशी थाप मारली की पेला खाली पडून घरंगळत मोरीपर्यंत गेला. सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, यांनी आधी वाचलंय. वहिनी म्हणाली, भावजींना अक्षरओळख नाही. तेव्हा तर आणखीच गलका झाला. फिटर उठला, स्वतःची जागा फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "थोरले, इथं बसा. मागे नाही बसायचं आता."

थोरले बसले. बटाटा हातातच होता. थोडा वेळ ऐकून ते गंभीरपणे म्हणाले, "लिहिणाऱ्यानं घोडा सांभाळलेला आहे." जणू त्या माणसाला नोकरीवर घ्यायला हरकत नाही.

पंधरा दिवसांत चित्र पालटलं. टोळीनं डबे आणणं बंद केलं. रस्सा, भात, उकडलेली अंडी, जे असेल ते इथंच. बँकेतले कारकून विजारीचे पाय दुमडून फळीवरून यायला लागले. एकदा एक जण चरात पडला, गुडघा खरचटला, पण वर येऊन त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

मालक मात्र कुरकुरत होता. "खानावळ आहे की वाचनालय? ताट उचललं तरी उठत नाहीत."

"उठवा तुम्ही," वहिनी म्हणाली.

त्यानं कोणाला उठवलं नाही. शेगडी आणि पुढची खोली यांच्यामध्ये नुसता लाकडी कठडा होता. वाचन रंगात आलं की त्याचा डाव पातेल्यात फिरायचा थांबे. त्या पंधरवड्यात दोनदा कांदा करपला आणि दोन्ही वेळा त्यानं शेगडीला शिव्या दिल्या. स्वतः तो चौथीपर्यंत शिकलेला. दुकानांच्या पाट्या, गोणीवरचे शिक्के, यापलीकडे त्यानं वाचायचा प्रसंग येऊ दिला नव्हता.

मग एका दुपारी पुस्तकात एक श्रीमंत गिऱ्हाईक आलं. त्याच्या मनात म्हातारी घोडी भरली. मागाल ती किंमत देतो म्हणाला. पोरीच्या खाण्याचे हाल चालले होते, डोळ्याचं त्याला कळलेलं नव्हतं. ती थोडा वेळ लगाम हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "डावा डोळा गेलाय तिचा." गिऱ्हाईक हसून निघून गेलं.

"शाब्बास," शिंपी म्हणाला.

थोरले एवढ्या घाईनं उठले की स्टूल मागे पडलं. ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि रात्री जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं दोन कॅन उचलले आणि त्यांच्या मागोमाग टाकीवर गेली. रांगेत वीस माणसं. थोरले आपल्या कॅनवर बसले होते. ती शेजारी बसली. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "मी नव्हतं सांगितलं, बाई."

"काय?"

"उजवा डोळा. पांढरं टिकलीएवढं आलं होतं. घेणाऱ्यानं विचारलं, काही खोड? मी म्हटलं, खोड नाही. खोड नव्हतीच. डोळ्याचं त्यानं विचारलं नाही, मी बोललो नाही." त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "वीटभट्टीवर आहे ती. इथून गाडीनं दोन तास. उजवीकडून कोणी अचानक आलं की बिचकत असणार. बिचकली की मारत असणार."

रांग पुढे सरकली. तिनं त्यांचाही कॅन पुढे सरकवला. नळाखाली धरताना दोघांचे हात भिजले आणि थोरले एवढंच म्हणाले, "आज दुपारी पुढचं वाचशील ना?"

पुस्तक लायब्ररीचं होतं आणि वहिनीनं त्याची मुदत दोनदा वाढवून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा गेली तेव्हा लायब्ररीतल्या बाईंनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

"हे बघा. दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी तीन आठवड्यांपासून नंबर लावलाय. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ते लेकीकडे चाललेत महिन्याभरासाठी. रोज येऊन विचारतात."

"रविवारी दिलं तर?"

"रविवारी लायब्ररी बंद. शनिवारी सहाच्या आत. सहाला मी कुलूप लावते, तुमच्यासाठीसुद्धा."

वहिनी परत आली तर फिटर म्हणाला, शनिवारी आमचंही इथलं आटोपलं. सकाळी शेवटचा पाइप उतरवायचा, दुपारी दाब बघायचा, संध्याकाळी दुसऱ्या गावाला.

वहिनीनं पानं मोजली. "चौऱ्याण्णव राहिलीत. आणि हातात फक्त उद्याचा दिवस."

फिटरनं पुस्तक हातात घेतलं, उरलेला भाग चिमटीत धरून जाडी अजमावली, जशी तो पत्र्याची अजमावत असे. "एवढंच ना? संपवून टाकू."

शनिवारी सकाळी सातलाच वहिनीनं वाचायला सुरुवात केली. टोळी चरात पाइप उतरवत होती आणि ती कडेला ढिगावर बसून वाचत होती. साखळी करकरली की थांबायचं, पाइप जागेवर बसला की पुढे. चोर आता समोर आला होता. मागची वाट त्यानं दरड पाडून बंद केली होती. म्हाताऱ्या घोडीचा दुसरा डोळाही गढूळ व्हायला लागला होता. "हळू सोडा, हळू," फिटर साखळीवाल्याला म्हणे आणि त्याच दमात, "वहिनी, तुम्ही नका थांबू."

नाश्त्याची गिऱ्हाइकं आली तेव्हा ती आत येऊन वाचू लागली. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात चहाचे पेले. बारापर्यंत छत्तीस पानं झाली. जेवणाच्या गर्दीत ती टेबलांमधून फिरत, धुळीत, वाफेत वाचत राहिली. आज कोणी भात गार आहे अशी तक्रार केली नाही.

दोनला पाइपात पाणी भरून दाब चढवला. आता चार तास दाबमापकाच्या काट्यानं जागचं हलायचं नव्हतं, एवढंच बघायचं. काटा दारापासून दहा पावलांवर. तिथं एकानं बसायचं, बाकीच्यांनी आत. पाळी लागली की माणूस सासरी निघालेल्या नवरीसारखा तोंड पाडून जाई आणि बाहेरून ओरडे, "आता काय झालं?" आतून कोणीतरी सांगे, "चोरानं दोर कापला." मग पुन्हा बाहेरून, "कुठला दोर?"

पावणेचारला वहिनीचा आवाज गेला. आधी फाटला, मग नुसती हवा यायला लागली. गरम पाणी झालं, मीठ घालून गुळण्या झाल्या. तिनं तोंड उघडलं तर शिट्टीसारखं काहीतरी आलं. तिनं बोटांनी दाखवलं, एकोणीस पानं.

शिंपी पुढे झाला. "आणा इकडे." पण तो वाचायला लागला तो हिशेबाची पावती वाचावी तसा, एका सुरात. शिवाय त्याला धीर नव्हता. पानाच्या मध्यावर आला की डोळे खाली धावत आणि तो म्हणे, "हे वर्णन आहे, याचं काही काम नाही." दुसऱ्यांदा असं म्हटल्यावर थोरल्यांनी त्याच्या हातून पुस्तक काढून घेतलं.

टोळीत कोणाला वाचता येत नव्हतं. फिटर आकडे वाची. कारकून कधीच बँकेत परतले होते. थोरले कठड्यापाशी गेले आणि पुस्तक त्यांनी भावापुढे धरलं.

"मला नाही येत," मालक हळू म्हणाला.

"येतं. चौथीत तू मला पत्रं वाचून दाखवायचास."

"त्याला चाळीस वर्षं झाली, दादा. सगळ्यांसमोर हसं करू नका माझं."

वहिनी स्वयंपाकघरात आली. तिनं त्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्याला हलकेच पुढे ढकललं. मालकानं हात पुसले. पुन्हा पुसले. बाकाच्या टोकाशी बसून त्यानं बोट ओळीवर ठेवलं.

"पो-री-नं," तो म्हणाला. "पोरीनं. दो-राचा... पूल... पा-हि-ला."

त्याचे कान लाल झाले. कोणी हसलं नाही. दुसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं. ते त्यानं दोनदा चुकीचं वाचलं, तिसऱ्यांदा बरोबर, आणि बरोबर आलं हे स्वतःलाच पटून पुढे गेला. पहिल्या पानाला नऊ मिनिटं लागली. दुसऱ्याला सात. मग बोट जरा चालायला लागलं.

सव्वापाचला फळी वाजली. कंपाउंडर आले होते, हातात प्रवासाची पिशवी, डोक्याला टोपी, घामाघूम. "लायब्ररीत बसून राहिलो मी. बाई म्हणाल्या, पुस्तक खानावळीत आहे."

"सहा पानं राहिलीत," फिटर म्हणाला. "बसा, ऐका तुम्ही पण."

"शेवटची सहा?" कंपाउंडरांचा चेहरा उतरला. "मी पहिलं पानसुद्धा वाचलेलं नाही. तीन आठवडे थांबलोय. तुम्ही मला शेवट सांगणार?"

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बाहेर थांबा जरा," शिंपी म्हणाला.

"बाहेर ऐकू येतं. आणि सहाच्या आत नोंद झाली नाही तर पुस्तक कपाटात जाईल आणि मी गाडीत."

थोरले उठले. त्यांनी हात जोडले. "पावणेसहाला पुस्तक तुमच्या हातात असेल. माझा शब्द."

कंपाउंडरांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. ती तोंडं पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे. ते गुमान फळीवरून परत गेले, मातीच्या ढिगावर पाठमोरे बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

मालकानं पुढे सुरू केलं. खाली खोल घळ, वर दोर आणि फळ्यांचा पूल, मागे चोर. म्हाताऱ्या घोडीला आता काहीच दिसत नव्हतं. ती पुलावर गेली नाही तर एकही घोडी जाणार नव्हती.

"घोडीनं... फळी... हुं-ग-ली."

काट्यावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता. फिटरनं त्याला पाहिलं आणि मान पुन्हा पुस्तकाकडे वळवली.

"पुढचा... पाय... उ-च-लला. आणि..."

मालक अडला. मोठा शब्द होता.

"टेकवला असेल," फिटर कळवळून म्हणाला.

"घाई करू नका," थोरले म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. "या वेळी घाई करायची नसते. तिला तिच्या पायानं जाऊ द्या."

"आणि... चा-च-पून... पाहिलं. फळी... हलली. घोडीनं... पाय... मागे घेतला."

एक पाऊल, एक ओळ. वहिनीनं सकाळी हीच ओळ वाचली असती तर घोडी केव्हाच पलीकडे गेली असती. मालकाच्या बोटाखाली तो पूल संपता संपेना. दर शब्दाला फळी होती आणि दोन शब्दांमध्ये घळ होती. त्याच्या कपाळावरचा घाम पानावर टपकला, तो त्यानं मनगटानं टिपला आणि जागा सापडेना म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात खोलीतल्या एकानंही श्वास सोडला नाही. थोरल्यांच्या तोंडातून नकळत आवाज यायला लागला होता, जीभ टाळूला लावून गाडीवान करतात तसा, टक्, टक्, अगदी हळू. मालक त्या आवाजावर वाचायला लागला. पाय उचलला, टक्. पाय टेकवला, टक्. मागे दुसरी घोडी आली. तिच्यामागे तिसरी. आता शब्द तुटत नव्हते, सरळ येत होते, आणि आपण वाचतोय हे मालक विसरून गेला होता. त्याचा आवाज चढला, "आणि म्हातारीचे चारही पाय दगडावर आले."

रश्शाचं पातेलं उतू गेलं. वहिनी डाव हातात धरून कठड्यापाशी उभी होती, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. फिटर शिंप्याला मिठी मारत होता.

"गप," थोरले म्हणाले, "अजून दोन पानं आहेत."

चोर पुलावर पाय ठेवायला धजला नाही आणि दोन पानांत बाजार आला. पोरीनं सदतीस घोडी विकली. अडतिसावी तिनं विकली नाही. आंधळी घोडी घेऊन ती त्याच डोंगराच्या वाटेनं पायी परत निघाली, आणि आपण कुठे आहोत हे घोडीला कळावं म्हणून वाटभर तिच्याशी बोलत राहिली. तिथं पुस्तक संपलं.

मालकानं शेवटच्या ओळीवरचं बोट उचललं नाही. त्यानं पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"बरोबर आहे," थोरले खरखरीत आवाजात म्हणाले. "बोलत राहावं लागतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी उद्या भट्टीवर जाऊन येतो. त्या माणसाला डोळ्याचं सांगतो. मग तो काय म्हणेल ते म्हणो."

"पहिल्या गाडीनं जाऊ," मालक म्हणाला. "मी येतो."

"खानावळ?"

वहिनीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि दोघांना हातानं उडवून लावलं.

घड्याळात पावणेसहाला दोन मिनिटं कमी होती. तिनं मालकाच्या हातून पुस्तक घेतलं, फडक्यानं पुसलं आणि फळीवरून पलीकडे गेली. कंपाउंडरांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून उठले. त्यांनी कानातली बोटं काढली, तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "काही सांगू नका."

ती सांगणार कशानं? तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

एव्हाना सगळी खानावळ चराच्या कडेला येऊन उभी राहिली होती, टोळी, शिंपी, दोघे भाऊ. काटा जागच्या जागी होता, पण तो कोणी बघत नव्हतं. सगळे कंपाउंडरांकडे बघत होते. ते चार पावलं गेले आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी चालता चालताच पहिलं पान उघडलं.

"कंपाउंडर," फिटरनं हाक मारली, "ओढ्यापाशी पोचलात की एक करा..."

"एक अक्षर बोलू नका," ते न वळता म्हणाले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पुस्तक. कानात घालायला बोट मोकळं नव्हतं, म्हणून ते लायब्ररीच्या दिशेनं पळत सुटले.

वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत सगळे उभे राहिले.

"नशीबवान माणूस," मालक म्हणाला. "त्याचं अजून सगळं व्हायचंय."